गरम काचेवरचं पाणी

“नाना, मला कावळा शिवलाय हे शेगडीला कोणी सांगितलं?”

घ्या! विचारलं एकदाचं. शाळेच्या नळावर दीपा आणि मीना या मैत्रिणींनी पैजच लावली होती, “तुझ्या बापाला हे तोंडावर विचारून दाखव, न्हाई तर रडत बसू नको.” अबोलीनं विचारून दाखवलं. तेही ऐन नैवेद्याच्या वेळी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर तरटावर बसून, आवाज जराही खाली न करता.

नाना सोवळं नेसून आत उभे होते. सेनगावातल्या एका मारुतीची पूजा त्यांच्याकडे, त्यामुळे घरातलं सोवळं-ओवळं गावाला दाखवण्याइतकं कडक. कोणी देव्हाऱ्यात चप्पल ठेवावी तसा त्यांचा चेहरा झाला.

“काय बोलून राहिलीस? लाज आहे का काही?”

“लाज मला कशाची? काच तडकली तेव्हा पोरीनं विटाळात हात लावला, असं सगळ्या गल्लीला तुम्हीच सांगितलं ना? मी हात लावलाच नव्हता!”

ही काच म्हणजे इन्फ्रारेड शेगडीची. गॅसच्या टाकीचा नंबर काही केल्या लागत नव्हता, म्हणून नानांनी हिंगोलीहून ती आणली होती. बटण दाबलं की काचेखाली लालभडक गोल उजळायचा. भांडं कुठलंही चाले, फक्त बूड सपाट हवं. दुकानदारानं परतपरत बजावलं होतं, “भांडं घासत ओढू नका, उचलून ठेवा. लाल गेलं म्हणजे काच गार झाली असं नाही. तापलेल्या काचेला पाणी दाखवू नका. आणि आतला पंखा आपोआप थांबल्याशिवाय भिंतीवरचं बटण बंद करू नका.” अबोलीला शब्द न् शब्द पाठ. नाना मात्र तेव्हा वॉरंटीच्या कागदावर शिक्का बराबर बसला का, ते बघण्यात गुंग.

आणि घरी येऊन काय केलं? नैवेद्याचा भात उतरला की शेगडीवर पाणी शिंपडून हळदकुंकू वाहायचं, ही या घराची रीत. गॅसच्या शेगडीनं ती वर्षानुवर्षं मुकाट सोसली. काचेनं नाही सोसली. चट्‌दिशी आवाज झाला आणि आडवी चीर गेली. अबोलीनं उंबऱ्यापलीकडून पाहिलं. आईनं तर शेजारी उभं राहून पाहिलं. पण नानांची नजर स्वतःच्या हातातल्या पंचपात्रीकडे न जाता थेट उंबऱ्याकडे वळली. निवाडा तिथल्या तिथं झाला. नव्या काचेला पुन्हा काही झालं, तर दर महिन्याच्या त्या चार दिवसांत पोरगी परसातल्या पत्र्याच्या खोलीत राहील. शाळाही बंद.

दहावीचं वर्ष, आणि दर महिन्याला शाळा बुडणार. कशापायी? तर दुसऱ्याच्या हातून सांडलेल्या पाण्यापायी! महिनाभर हे तिच्या डोक्यात नुसतं खदखदत होतं.

नवी काच कालच बसवून आणली होती. आईनं, म्हणजे वासंतीनं, आत्ताच भाताचं पातेलं खाली उतरवलं आणि सवयीनं भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

“आई, थांब! पंखा फिरू दे.”

“अगं, उगाच मीटर पळतं.”

“पळू दे. आतली धग बाहेर कशी निघेल मग? शेगडी आतल्या आत जळून जाईल.”

आईचा हात थबकला. लाल गोल विझला होता. काच काळीभोर, हात ठेवावा इतकी गार वाटत होती. नानांनी पंचपात्री उचलली.

“नाना, पाणी नका टाकू. तापलेली आहे ती.”

“आम्हाला शिकवतेस? विस्तव दिसतो का कुठं?”

“दिसत नाही, पण आहे. एवढी खात्री असेल तर ठेवा ना हात!”

“वासंती, गप कर हिला!”

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. गेल्या महिन्यातही ती अशीच उभी होती. ते पाहून अबोलीला जी तिडीक आली ती नानांच्या ओरडण्यानंही आली नव्हती. आता पाणी पडणार, काच जाणार, आणि संध्याकाळी आपलं अंथरूण पत्र्याखाली!

ती ताडकन उठली. उंबरा ओलांडला आणि नानांचं मनगट गच्च धरलं.

पंचपात्री हिंदकळली. पाणी फरशीवर सांडलं. दोनच थेंब काचेवर उडाले, चर्र करत नाचले आणि नाहीसे झाले.

“शिवलीस!” नाना किंचाळले. “सोवळ्यातल्या बापाला शिवलीस!”

“शिवले. तडकली का काच?”

नानांनी हात हिसडला, पण काचेकडे पाहिलंच. काच अखंड होती.

“मागच्या वेळीही पाणीच पडलं होतं,” आई हळूच म्हणाली. “तुमच्या हातून.”

“मग तेव्हा काहून बोलली नाहीस?”

“तुम्ही मला विचारलं कुठं?”

“त्यांनी नाही विचारलं, पण मी तुझ्या तोंडाकडे बघत होते ना, आई!” अबोलीचा आवाज फाटला. “महिनाभर मी गल्लीत मान खाली घालून चालले, आणि तू गप्प?”

आईचे डोळे भरून आले. भरू देत. अबोलीचा राग त्यानं तसूभरही उतरला नाही. नाना पुन्हा आंघोळीला निघाले, तर ती दारात आडवी उभी राहिली.

“दोघंही ऐका. आजपासून मी बाजूला बसणार नाही. ना या उंबऱ्याबाहेर, ना पत्र्याच्या खोलीत. उद्या शाळेत जाणार, आणि जायच्या आधी माझा चहा याच शेगडीवर मी स्वतः करून घेणार.”