प्रतीक्षा यादीतले जावईबापू

ओक्बुनला जावयाचं एक कोडं काही सुटत नव्हतं. तेहतीस वर्षांचा धडधाकट बाप्या, दोन्ही हात शाबूत, आणि शिकतो काय, तर नर्सिंग! आधी सामान पोचवायचा ट्रक चालवत होता. पाठ धरली, तीन आठवडे हॉस्पिटलात पडला, आणि बाहेर आला तो हेच डोक्यात घेऊन. तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, चुनचॉनच्या विद्यापीठात दोन वर्षं काढलीसुद्धा त्यानं.

"हॉस्पिटलात पडलेला प्रत्येक माणूस नर्स व्हायला लागला तर आजारी कोण पडणार गं?" ओक्बुननं लेकीला विचारलं होतं. लेक, बोम्ही, नुसती हसली. ती कमावती, हा शिकता. दोघांचं छान चाललेलं. मग आईनं उगाच तोंड कशाला घालायचं! तरी ओक्बुन घालायचीच.

नोव्हेंबरात बोम्हीची बदली झाली. तिचं काम प्रवासी बोटी तपासायचं, आणि बदली कुठे, तर वांडोला, ऐन माहेरच्या बेटावर. बारा वर्षांनी लेक घरी आली. ओक्बुननं त्या आनंदात गावभर भाताच्या वड्या वाटल्या. पण जावयाचं, म्हणजे प्यो आडनावाच्या जेहाचं, शिक्षण अर्ध्यावर लटकलं. पूल ओलांडून दीड तासावर शहर होतं, तिथल्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला घेतील का, म्हणून त्यानं परीक्षा दिली, मुलाखत दिली. जागा एक, उमेदवार एकोणतीस. निकाल लागला आणि जेहाच्या नावापुढे आलं: प्रतीक्षा यादी, क्रमांक एक.

"म्हणजे पास की नापास?" ओक्बुननं जेवताना विचारलं.

"पहिला आलेला दुसऱ्या कॉलेजात गेला तर पास, आई."

"आणि नाही गेला तर?"

"तर मार्चपासून मी परत चुनचॉनला. दोन वर्षं. सुट्टीला येत जाईन."

बोम्ही नुसती भात चिवडत राहिली. ओक्बुननं पोरीला जन्म दिला होता, तिला ते चिवडणं बरोबर कळलं. नवरा तिकडे गेला की ही वर्षभरसुद्धा दम धरायची नाही. बदलीचा अर्ज करील आणि निघून जाईल. मग हे घर, तो टीव्ही आणि आपण.

गावातल्या बायका मात्र मजा घ्यायच्या. "अगं ओक्बुन, नवरा फक्त शनिवार-रविवार घरी यायला तीन पिढ्यांचं पुण्य लागतं म्हणतात! तुझी लेक नशिबाची!" ओक्बुन वरवर हसायची आणि विषय बदलायची.

अशी रिकामी झालेली जागा फोनवरच कळवतात. फोन लागला नाही तर पुढच्या नंबरला. त्यामुळे जेहानं फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यातच अडकवला होता. आंघोळीला जातानाही काढत नव्हता. "गाईच्या गळ्यात घंटा असते तशी आमच्या जावयाच्या गळ्यात फोन," ओक्बुन म्हणायची.

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी चारला यादी बंद. आणि नेमका त्याच सकाळी ओक्बुनच्या दिराच्या बोटीवरचा माणूस आला नाही. समुद्रात दोरांवर वाढवलेलं मियॉक कापायला आलं होतं. हे खायचं शेवाळ वेळेत कापलं नाही तर चामड्यासारखं होतं, मग कुत्रंही विचारत नाही. ओक्बुनचा गुडघा सुजलेला. जायचं कुणी?

"मी जातो," जेहा म्हणाला, "पण फोन... यंत्राच्या आवाजात ऐकू यायचं नाही."

"द्या इकडे. फोन उचलायला काय पदवी लागते?"

"आई, विद्यापीठाचा आला तर धरून ठेवा आणि मला बोलवा. आम्ही समोरच्या खाडीतच आहोत."

"अहो जावईबापू, मी तुमच्या बायकोला वाढवलंय. एक फोन सांभाळता यायचा नाही होय मला?"

त्यानं गळ्यातली पिशवी काढून तिच्या गळ्यात घातली आणि गेला.

आता यात ओक्बुनचाही फार दोष नव्हता. महिन्यापूर्वीच पोलिसांतली एक मुलगी गावात येऊन सगळ्या म्हाताऱ्यांना शिकवून गेली होती. अनोळखी नंबर, गोड आवाज, आणि 'आजच्या आज पैसे भरा': या तीन खुणा दिसल्या की समोर भामटा आहे समजा आणि फोन आपटा. सराव घेतला तेव्हा सगळ्यांत जोरात फोन आपटला तो ओक्बुननं. टाळ्या पडल्या होत्या. आणि विद्यापीठाचं म्हणाल, तर तिची कल्पना अशी की कुणीतरी घोगऱ्या आवाजाचे पिकल्या केसांचे प्राध्यापक बोलतील.

साडेदहाला फोन वाजला. अनोळखी नंबर.

"नमस्काऽर! प्यो जेहा यांचाच नंबर ना? अभिनंदन! आज चारच्या आत तुम्ही शुल्क भरलंत की..."

ओक्बुननं तिथेच तोडला. तिन्ही खुणा एका वाक्यात! अर्ध्या तासानं पुन्हा तोच आवाज. "आजी, प्लीज ठेवू नका, मी..."

"आजी कुणाची गं? तुझा मुडदा बसवला! चांगल्या घरची दिसतेस, लाज नाही वाटत?"

हा फोन तोडल्यावर तिला इतकं बरं वाटलं की तिनं शेजारणीला हाक मारून सगळं साभिनय करून दाखवलं. बाराला बोम्हीचा धक्क्यावरून फोन आला.

"आई, आला का फोन?"

"विद्यापीठाचा नाही. पण दोन वेळा भामटी आली होती, तिची अशी खरडपट्टी काढली..."

मग बोम्ही अगदी हळू म्हणाली, "आई. भामटी काय म्हणत होती?"

ओक्बुन सांगायला लागली, 'जेहा' म्हणाली, 'अभिनंदन' म्हणाली, आणि तिथेच तिच्या तोंडचं पाणी पळालं. अगं बाई! हातातोंडाशी आलेला घास, तो आपणच हिसकावून खाडीत फेकला! तिनं तो नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. सुजलेला गुडघा विसरून ती चप्पल न घालताच गावाच्या कचेरीकडे पळत सुटली. तिथे गावाला सूचना द्यायचा माइक आणि भोंगा होता, त्याचा आवाज खाडीपार जायचा.

गावप्रमुख शेवया ओरपत बसले होते. ओक्बुननं त्यांना बाजूला ढकललं आणि लाल बटण दाबलं.

"अहो जावईबापू! प्यो जावईबापू! बोट फिरवा! मियॉक गेलं चुलीत, आधी या!"

खिडकीतून तिला नखाएवढी बोट दिसत होती. ती वळली. आणि तेवढ्यात गळ्यातला फोन वाजला.

"मला प्यो जेहा यांच्याशीच बोलायचंय," तोच आवाज, पण आता पार थकलेला. "हा तिसरा आणि शेवटचा फोन. नाहीतर मी दोन नंबरच्या..."

"थांब गं बाई! पाया पडते तुझ्या. मी त्यांची सासू. मघाशी शिव्या दिल्या ती मीच."

"होकार त्यांच्याच तोंडून हवा, आजी."

"हे काय, आलेच!" बोट अजून पार लांब होती.

"आजी, मला पुढच्यांना..."

"ऐक ना. दोन नंबरवाला असेल हुशार, मी कुठे नाही म्हणते? पण आमचे जावई तुला ठाऊक नाहीत. मी त्यांना नर्सबाई म्हणून चिडवलं, गावासमोर चिडवलं, एकदा उलटून बोलले नाहीत. दोन डॉक्टर मला एकच गोळी दोन नावांनी देत होते, मी दोन्ही गिळत होते आणि चक्कर येऊन पडत होते. ते कुणी पकडलं? ह्यांनी. रात्री माझा गुडघा शेकतात. मी झोपल्याचं सोंग घेते, कारण आभार मानायला जीभ उचलत नाही माझी."

समोरचे गावप्रमुख दोन्ही हात हलवून काहीतरी खुणावत होते. ओक्बुननं त्यांना हातानंच गप्प केलं.

"खरं सांगू? आधी मला वाटायचं, त्यांना जागा मिळाली की माझी लेक इथे राहील. माझा स्वार्थ. तो सोड. माझा नवरा गेला ना, तेव्हा खोलीत नऊ माणसं होती. कुणी डॉक्टरला फोन करत होतं, कुणी रडत होतं, मी पेज ढवळत होते. शेवटच्या घटकेला त्याचा हात हातात घ्यावा, हे नवातल्या एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. आमच्या जावयांना सुचलं असतं, पोरी. अशी माणसं हॉस्पिटलात नकोत का? तूच सांग."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मी थांबते, आजी," ती म्हणाली.

पाच मिनिटं गेली असतील. दार धाडकन उघडलं. नारिंगी रबरी कपड्यांतून पाणी निथळत असलेला जेहा आत आला आणि ओक्बुननं फोन त्याच्या कानाला लावला.

"मी प्यो जेहा. हो. हो, येतो. नक्की येतो."

त्याचे डोळे लाल झाले होते. खारं पाणी गेलं असेल, ओक्बुनला वाटलं. तेवढ्यात गावप्रमुखांनी पुढे होऊन लाल बटण खट्‌कन बंद केलं.

"हे... चालू होतं?"

"पहिल्यापासून."

"गावभर?"

"गावभर काय घेऊन बसलात! समोरच्या बेटावरून मला फोन आला, 'पुढे काय झालं' म्हणून."

ओक्बुननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "जावईबापू, ते त्या पोरीला अडकवायला बोलले हं मी! खरं धरू नका!"

"बरं, आई," जेहा म्हणाला. आणि त्या ओल्या रबरी कपड्यांतच तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही तळवे फरशीवर टेकले, आणि नव्या वर्षाच्या सकाळी थोरांना करतात तसा कपाळ टेकवून पुरता नमस्कार केला. दारात तोवर निम्मा गाव गोळा झालेला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, दीर मोठमोठ्यानं हसत होता. ओक्बुन मात्र ढसाढसा रडत होती, आणि ते लपवायचं आता तिच्या मनातही आलं नाही.

"ऊठ रे पोरा," ती म्हणाली, "ऊठ, चार वाजायच्या आत ते शुल्क भर आधी!"