काकूने पाठवलेला नमुना

काकांची जीभ म्हणजे घरची प्रयोगशाळा. बोअरचं पाणी चाखून त्यांनी जाहीर केलं होतं, "कोळंबीला हेच हवं." त्या जिभेच्या भरवशावर समुद्राकाठच्या जमिनीत तळं खणून झालं, प्लास्टिकही अंथरून झालं. आता फक्त पाण्याचा अहवाल हवा होता, कारण कोळंबीचं बी विकणाऱ्याचा काकांच्या जिभेवर विश्वास नव्हता. लोक असे संशयी असतात.

अहवाल आला. तो वाचून काका दहावीत नापास झाल्यासारखे खुर्चीत बसले.

"क्षार जवळपास शून्य," पुतणीने वाचलं. "यात कोळंबी जगायची नाही."

"तळं बुजवू," काका म्हणाले. जिभेने राजीनामा दिला होता.

पुतणीला मात्र चैन पडेना. समुद्र हाकेच्या अंतरावर, बोअरच्या पाण्याने बादल्या तांबड्या झालेल्या, साबणाला फेस येईल तर शपथ, आणि क्षार शून्य? नववीचं रसायनशास्त्र इतकंही वाया गेलं नव्हतं.

"बाटली कोणी भरली होती?"

"काकांनीच, पंपावर," स्वयंपाकघरातून काकू म्हणाली. "पिवळंधम्मक पाणी. चार लोकांना असलं दाखवायचं? मी ओतून दिलं आणि आपल्या आरओ फिल्टरचं भरलं. बाटलीसुद्धा घासली."

काका म्हणाले, "अगं, ते लोक काय पाणी प्यायला येणार होते?"

"अब्रू आपली जाते, त्यांची नाही."

पुतणीने पंप अर्धा तास चालू ठेवला, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळून भरली आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत काकूच्या नजरेस पडू दिली नाही.

दुसरा अहवाल आला. खारटपणा योग्य, पोटॅशियम कमी, लोह जास्त. पाणी आधी वेगळ्या टाकीत घ्या, हवा द्या, गाळ बसू द्या, गाळून तळ्यात सोडा, पोटॅश घाला.

"म्हणजे काठावर पास," काका ताडकन उठले. "माझी जीभ हेच सांगत होती."

"पोटॅशियमसकट?"

"हो. जरासं कमी लागलंच होतं मला."

काकूने कागद ओढून घेतला आणि 'गाळून' या शब्दावर बोट ठेवलं. "मी गाळलं तर चूक. यांनी शिक्का मारून सांगितलं की शास्त्र."

अहवालाच्या तळाशी एक ओळ होती: बी सोडण्याआधी तळ्याचा नमुना पुन्हा आणावा. ती वाचून पुतणी गुपचूप उठली आणि रिकामी बाटली दप्तरात लपवून आली.