गाड्याखालची धाकटी

थोरली बारा वर्षांची, धाकटी आठ वर्षांची. गिरणीत मात्र धाकटीचं वय दहा सांगितलं होतं. आईनंच सांगितलं, आणि सांगताना ती मुकादमाकडे न बघता जमिनीकडे बघत होती. आई खालच्या मजल्यावर कापूस पिंजायच्या यंत्रावर, दोघी बहिणी वरच्या मजल्यावर सूतकताईत.

तिथं सूत गुंडाळणाऱ्या तीनशे चात्यांचा लांबलचक गाडा रुळांवरून चार पावलं पुढं यायचा, सूत ताणून पीळ द्यायचा आणि ते गुंडाळत मागं जायचा. दिवसभर हेच. तुटलेला धागा चालत्या गाड्यावर वाकून सांधायचा, हे थोरलीचं काम. गाडा पुढं आला की त्याच्याखाली रांगत शिरायचं, तळाशी पडलेला कापूस झाडून घ्यायचा आणि गाडा मागं फिरून भिंतीशी चेंगरायच्या आत बाहेर पडायचं, हे धाकटीचं. त्यामुळे थोरलीचा एक डोळा धाग्यावर असायचा नि एक जमिनीवर. संध्याकाळी तिची मान धाग्यांपेक्षा बहिणीपायीच जास्त अवघडायची.

त्या दिवशी दुपारी उकाडा मी म्हणत होता. गाडा पुढं आला, धाकटी आत शिरली. थोरलीनं दोन धागे सांधले, खाली पाहिलं, तर एक टाच दिसली. टाच हलत नव्हती.

"बाहेर ये! अगं ए!" थोरली ओरडली. पण त्या खडखडाटात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. सूत कातणारे मिशीवाले काका पाठमोरे होते. गाडा मागं फिरू लागला.

थोरली धावली. भिंतीशी गाडा चालवणारा पट्टा सरकवायचा दांडा होता. त्याला हात लावायची मुलांना सक्त मनाई होती, आणि तो एका पोरीच्या ताकदीनं हलणाराही नव्हता. तिनं उडी मारून दोन्ही हातांनी तो धरला आणि लोंबकळली. दांडा कुरकुरला, खाली आला. पट्टा रिकाम्या चाकावर घसरला आणि गाडा धक्का खाऊन थांबला.

दीडदोनशे धागे एकदम तुटले. काका गर्रकन वळले. "कुणी केलं हे? कुणाचा हात शिवशिवला?"

थोरलीनं गाड्याखाली बोट दाखवलं. काका पालथे पडले, गाड्याखाली हात घातला आणि धाकटीला काखेत धरून ओढून काढलं. गाडा तिच्या केसांपासून वीतभरावरच थांबला होता.

धाकटीनं डोळे चोळले. "जेवायची सुट्टी झाली का?"

"झोपली होतीस?" काकांनी विचारलं. आवाज चढवायचा त्यांचा बेत होता, पण तो मध्येच बसला. ते तिथंच भिंतीला टेकले.

मुकादम धावत आला. तोवर बातमी जिना उतरली होती, आणि बातमी उतरताना वाढत जाते तशी वाढलीही होती. आई वर आली ती अनवाणी, अंगभर कापूस, चेहरा पांढराफटक. समोर धाकटी तांब्याला तोंड लावून घटाघटा पाणी पीत होती. आईनं आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिला छातीशी अशी आवळली की पोर गुदमरली.

"वय काय हिचं?" मुकादमानं विचारलं.

"दहा," आई म्हणाली. मग धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "आठ. आठच आहे हो."

"मला दिसत नव्हतं होय?"

"मग घेतलीत कशाला?"

"तू आणलीस कशाला?"

मुकादमानं घाम पुसला. "उद्यापासून हिला आणू नकोस. ह्या खात्यात तर नाहीच, कुठल्याच खात्यात नाही. आणि दांडा कुणी ओढला?"

थोरली पुढं झाली. आता आपलीही गच्छंती, असं तिनं धरूनच ठेवलं होतं.

मुकादमानं दांड्याकडे पाहिलं, मग तिच्या काडीसारख्या दंडांकडे. "धागे सांधायला लाग," एवढंच म्हणाला आणि गेला.

"ताई, मग उद्या मी झोपू?" धाकटीनं विचारलं. काका हसले, आईला हसू आलं आणि थोरलीला रडू.

धागे सांधता सांधता दिवस कलला. काका वरून कुरकुरत होते, पण अर्धे धागे त्यांनीच सांधले.

दुसऱ्या दिवशी धाकटी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या म्हातारीकडे राहिली. एक कमाई कमी झाल्यावर घर कसं ओढायचं, याचा घोर आईला होताच. आदल्या रात्रीची भाकरी तिनं अर्धीच खाल्ली होती. पण थोरलीनं त्या दिवशी एकदाही जमिनीकडे पाहिलं नाही. मान ताठ ठेवून सरळ समोर बघत काम केलं.

संध्याकाळी मायलेकी घरी आल्या तर म्हातारी दारातच कंबरेवर हात ठेवून उभी. "तुमची पोर आहे की माकड? सकाळपासून कोळशाच्या ढिगावरून घसरगुंडी खेळतेय! झगा फाडला, दोन पोरांना ढकललं, आणि वर मलाच म्हणते, तुम्हीही या!"

"अजून काय केलं?" थोरलीनं विचारलं.

म्हातारीनं आणखी बरंच सांगितलं. थोरली उंबऱ्यावर बसून सगळं मन लावून ऐकत राहिली.