अस्वलाची सुरी कोण झेलणार?

आमच्या ह्यांच्यापुढे हात टेकले बाई! गुडघा धड वाकत नाही, उठताना तंबूचा खांब धरावा लागतो, आणि निघालेत शत्रूच्या क्रो टोळीशी लढायला. तेही अस्वलाची सुरी घेऊन! अस्वलाच्या जबड्याची मूठ असलेली ही सुरी ज्याच्याकडे, त्याने बंदूक धरायची नाही, धनुष्य धरायचं नाही, लढाईत एक पाऊल मागे घ्यायचं नाही. तरुणपणी ठीक होतं. आता पहिल्याच माऱ्यात मरतील, दुसरं काय!

"अहो, देऊन टाका ना कुणाला तरी," मी म्हणून म्हणून थकले.

"घेणारा तर हवा," हे म्हणायचे.

शेवटी मीच धावता-कोल्हा नावाच्या तरुणाला गाठलं. हा गडी सगळ्या तळावर बढाया मारत फिरायचा. झाला कबूल.

आता ही सुरी काही हातात देत नाहीत. देणाऱ्याने अंगावर फेकायची, घेणाऱ्याने झेलायची. खाली पडली, तर जुन्या मालकाकडेच राहते.

आमचे विधी करणाऱ्या म्हाताऱ्या करड्या-गरुडाने ढोल वाजवत अस्वलाचं गाणं म्हटलं. कोल्ह्याला लाल रंग फासला, ह्यांना फासला. इतकी वर्षं सुरी सांभाळलेली मी, म्हणून मलाही. मग कोल्ह्याला काट्यांवर लोळवलं. बेटा हूं की चूं करेना. मी त्याच्या मागे धुपाटणं धरून उभी. वाटलं, सुटलो एकदाचे.

हे अस्वलासारखे गुरगुरले आणि सुरी फेकली. आणि हा गाढव खाली बसला!

सुरी सरळ माझ्या तोंडावर आली. मी झेलली. तळहात चिरला.

ढोल थांबला. "वहिनी, टाका खाली," कोल्हा चाचरत म्हणाला, "बायकांचं काम नाही ते."

"तू गप रे! बसलास ना? बसूनच राहा."

"टाक गं," हे काकुळतीला आले, "माझीच राहू दे."

हेच तर नको होतं मला! मी मूठ आणखी घट्ट आवळली.

"रंग हिलाही लावलाय," म्हातारा म्हणाला. "झेलली हिने. सुरी हिची."

मी ह्यांना बजावलं, "आता तुम्ही बंदूक घ्यायची. वेळ आली की मुकाट्याने पळायचं. माझ्यासाठी थांबायचं नाही. मला आता मागे फिरता येणार नाही."

हे लंगडत आले, माझ्या हाताला फडकं बांधू लागले.

"मी बरा पळेन," म्हणाले. "तुझ्या शेजारीच उभा राहणार."

जळ्ळं मेलं माझं नशीब! एवढा सगळा खटाटोप केला कशासाठी मग?