जोडलेला की आयता

वरदच्या कॉम्प्युटरचा एक स्क्रूसुद्धा अजून घरात आला नव्हता, तरी तो कॉम्प्युटर कसा आहे हे धारवाडच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना पाठ झालं होतं. कोणी सहज "काय वरद, कुठं निघालास?" म्हटलं तरी हा पठ्ठ्या दोन वाक्यांत मदरबोर्डवर येऊन थांबायचा. समोरच्या यमुनाकाकूंना तर त्याने एकदा भाजीची पिशवी हातात असताना उन्हात उभं करून प्रोसेसरमधला फरक समजावला होता. त्या बिचाऱ्या कन्नडमधून "हौद, हौद", म्हणजे हो, हो करत मागे सरकत राहिल्या आणि शेवटी त्यांनी गेट लावून घेतलं.

ही दोन हजार दोन सालची गोष्ट. वरद बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि संध्याकाळी बसने हुबळीला मल्टिमीडियाच्या क्लासला जायचा. तिथे एका कॉम्प्युटरपुढे पोरांचं एवढं कोंडाळं, की माउसला हात लागेपर्यंत बस सुटायची वेळ व्हायची. बेंगळूरची एक कंपनी कार्टून फिल्म करायला नवी मुलं घेणार होती. अट एकच, स्वतः केलेली मिनिटभराची फिल्म दिवाळीच्या आत पाठवायची. वरदच्या डोक्यात फिल्म तयार होती. रस्त्यात रुसून बसलेली एक टमटम आणि तिला समजावणारा एक बैल. ती पडद्यावर उतरवायला घरी कॉम्प्युटर हवा होता, आणि त्यात ग्राफिक्स कार्ड हवं होतं. त्या कार्डावाचून बैलाने एकदा मान हलवायची म्हटली तरी कॉम्प्युटरला धाप लागायची.

त्याचे वडील मुकुंदराव जिल्हा कचेरीत हेडक्लार्क. माणूस कडक नव्हता, पण शब्दाचा पक्का होता. "फिल्म पाठव, निवड झाली तर खुशाल जा बेंगळूरला," ते म्हणाले होते. "नाही झाली तर बँकेच्या परीक्षेला बसायचं. परत हा विषय घरात काढायचा नाही. आय्तु?"

"आय्तु, अप्पा," वरद म्हणाला होता.

मग सुरू झाली निवड. खिसा लहान आणि हौस मोठी, त्यामुळे प्रत्येक भागापाशी वरदची झोप उडायची. प्रोसेसर स्वस्तातला पण दमदार पाहिजे. प्रोसेसरला बोर्ड मानवला पाहिजे, बोर्डाला रॅम मानवली पाहिजे, आणि ह्या सगळ्यांचं ओझं पॉवर सप्लायने उचललं पाहिजे. डबा साधा चालेल, त्याला काय करायचंय. मॉनिटर बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून मिळत होता. स्पीकर म्हणून घरचा जुना टेपरेकॉर्डर जोडता येत होता. असं इकडे वाचवून तिकडे घालायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोर्डावर ग्राफिक्स कार्ड बसवायची खाच हवी. फिल्म तर करायचीच, पण रात्री मित्राला, किरणला, बोलावून मोटारींच्या शर्यतीचा तो नवा गेमही खेळायचा, हे त्याने घरी सांगितलं नव्हतं इतकंच.

"तुझ्या अक्काची पत्रिका बघताना पण एवढं बघितलं नाही आम्ही," आई, इंदुमती, भाकरी थापता थापता म्हणाली.

कार्ड तेवढं त्याने आधीच घेऊन ठेवलं. हुबळीच्या कोप्पीकर रोडवर जिन्याखालच्या एका दुकानात ते जरा कमी भावात मिळालं, म्हणून शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे त्याने तिथेच मोजले. गुलाबी प्लॅस्टिकच्या पिशवीतलं ते कार्ड कपाटात शर्टांच्या खाली ठेवलेलं असायचं. दिवसातून एकदा तरी काढून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

नेमकं त्याच वेळी दीपश्रीचं लग्न ठरलं. वरदची ही मोठी बहीण, त्याची अक्का. मुलगा साताऱ्याचा, नाव साकेत, आणि धंदा काय, तर कॉम्प्युटरचं दुकान. मुकुंदरावांना आभाळ ठेंगणं झालं. "घरचा माणूस असताना हुबळीच्या दुकानांचे उंबरठे कशाला झिजवायचे?" त्यांनी ठरवून टाकलं. वरदलाही आनंदच झाला. त्याने फोनवर साकेतला एकेक भाग सांगितला आणि साकेतने मन लावून ऐकला. "झकास निवड आहे रे. बोर्ड तर अगदी मला हवा तोच सांगितलास," साकेत म्हणाला. तो दिवसभर वरद हवेत होता.

आता मुकुंदरावांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. तशी ती त्यांची एकट्याची नव्हे. हुबळी-धारवाडचा मराठी माणूस घरात मराठी बोलतो खरा, पण "बरं", "ठीक आहे", "झालं" ह्या सगळ्यांच्या जागी त्याच्या तोंडून कन्नड "आय्तु" निघून जातो. त्याचं त्यालाही कळत नाही. इथे कोणाचं काही अडतही नाही, कारण ऐकणाराही तसाच असतो. साताऱ्याचा माणूस मात्र तसा नसतो.

वरद क्लासला गेलेला असताना साकेतचा फोन आला. लाइनवर खरखर होती आणि स्वयंपाकघरात मिक्सर चालला होता. साकेत म्हणाला, "अप्पा, वरदने सांगितलेले एकदोन भाग मिळायला वेळ लागतोय. कंपनीचा तयार कॉम्प्युटर तेवढ्याच पैशात बसतोय. मग काय करू, जोडून देऊ की आयता पाठवू?"

होणाऱ्या जावयाला "काय म्हणालात?" असं विचारणं मुकुंदरावांच्या जिवावर आलं. त्यांना "पाठवू" तेवढं ऐकू आलं. ते मोठ्याने म्हणाले, "आय्तु, आय्तु!"

पुढच्या आठवड्यात वरद आणि किरण हुबळीच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेले, तेव्हा त्यांच्यापुढे कंपनीचं नाव छापलेली दोन चकचकीत खोकी आली. वरद म्हणाला, आपली ही नव्हेत. हमालाने पावती दाखवली. नाव मुकुंदरावांचंच होतं. रिक्षात दोघांनी एकेक खोकं मांडीवर घेतलं आणि घर गाठलं.

घरी आईने कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, पेढा ठेवला. वरद मागच्या बाजूला वाकून बघत होता. डब्याच्या जोडावर एक चिकटपट्टी होती. सील फाटल्यास वॉरंटी रद्द, असं तिच्यावर छापलं होतं. आत कुठला बोर्ड आहे ते कळायला काही मार्ग नव्हता. दीपश्रीने साकेतला फोन लावला, हसून चार गोष्टी बोलली, आणि फोन ठेवून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"अप्पा, तुम्हीच सांगितलं म्हणे, आयता पाठवा म्हणून. दोनदा सांगितलं म्हणाले."

"मी? मी कशाला सांगू? मी तर आय्तु म्हणालो की!" मुकुंदराव म्हणाले, आणि म्हणता म्हणताच थांबले.

आईला आधी हसू फुटलं. मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मुकुंदराव खुर्चीत बसले. उभी हयात कचेरीत दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढण्यात गेलेला माणूस, एका शब्दाने असा आडवा पडला. मग ते हळूच म्हणाले, "वरद, तिकडे काही बोलू नकोस बाबा. लग्न तोंडावर आलंय. मुलीच्या बापाला फोनवर धड बोलता येत नाही, असं व्हायला नको."

वरदने मान हलवली. त्याला राग आला होता, पण तो कोणावर काढायचा? साकेतने विचारून केलं होतं. अप्पांनी बरं म्हटलं होतं. दोघांचंही चुकलं नव्हतं, आणि कॉम्प्युटर मात्र चुकीचा आला होता.

एक आशा होती. आत खाच असेल तर कपाटातलं कार्ड बसेल. आठवडाभर तो सीलकडे बघत राहिला. मधल्या काळात त्याने फिल्म करून बघितली. बैलाने मान डावीकडे वळवायला घेतली, की स्वयंपाकघरात जाऊन चहा पिऊन यावं, तरी मान अर्ध्यातच. शेवटी एका दुपारी घरी कोणी नसताना त्याने किरणला बोलावलं. किरणच्या वडिलांचं तारिहाळला लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे त्याच्याकडे हत्यारांची कमी नव्हती. पट्टी अलगद काढायचा प्रयत्न झाला आणि ती मधोमध फाटली.

किरणने टॉर्च धरला. वरद कार्ड हातात घेऊन वाकला. बोर्डावर खाचेची जागा होती, खाच नव्हती. तिथे नुसती बारीक बारीक छिद्रं ओळीने होती. कंपनीने बोर्ड आखताना जागा सोडली होती आणि बनवताना पैसे वाचवले होते.

"होगली बिडो," किरण म्हणाला. जाऊ दे म्हणायला त्याला तेवढंच सुचलं.

वरदने त्या छिद्रांवरून बोट फिरवलं. ओरडावंसं वाटत होतं, रडावंसंही वाटत होतं, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता. त्याने कार्ड पिशवीत घातलं आणि डबा बंद केला.

दसरा झाल्यावर बस्त्यासाठी साताऱ्याची मंडळी आली. दिवसभर हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या दुकानांत साड्यांचे ढीग उपसून सगळे दमून धारवाडला जेवायला आले. जेवण झाल्यावर साकेत कौतुकाने कॉम्प्युटरपाशी गेला. वायर बघायला मागे वाकला आणि तसाच थांबला.

"सील कोणी फोडलं?"

वरद म्हणाला, "मी."

साकेत रागावला नाही. रागावला असता तर एक वेळ बरं झालं असतं. त्याने खुर्ची ओढून वरदला जवळ बसवलं. "कार्ड टाकायचं होतं ना तुला? मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. हा ह्या कामाचा नाही रे. पण अप्पांनी आयता म्हटलं, मला वाटलं तुमचं ठरलं असेल. ऐकण्यात काही चूक झाली का? तसं असेल तर स्पष्ट सांग. मी हा घेऊन जातो, दुकानात वापरीन. तू म्हणतोस तसा चार दिवसांत जोडून पाठवतो. दिवाळीला अजून वेळ आहे."

वरदने मनात हिशेब केला. चार दिवस. बैल मान वळवेल, टमटम उठेल, फिल्म वेळेत जाईल. फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

तेवढ्यात साकेतचे वडील पांडुरंगराव पानाला चुना लावता लावता म्हणाले, "नेऊ की, घरचंच आहे. पण सील फुटलेला माल म्हणजे नुकसान आपल्या अंगावर. तेव्हा हे आयतं कोणी सांगितलं, ते एकदा कळू दे. पुढे लग्नाच्या कामातही फोनवरच बोलायचंय आपल्याला."

मुकुंदराव सतरंजीकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. दाराशी दीपश्री पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने वरदकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"मीच अप्पांना म्हणालो होतो, आयता सांगा म्हणून," वरद म्हणाला. "जोडायचा कंटाळा आला होता. मग नंतर वाटलं, उघडून बघावं."

"असं होय," साकेत म्हणाला. त्याचा चेहरा थोडा पडला. "मग राहू दे हा. बँकेच्या परीक्षेची तयारी वगैरे करायला उत्तम आहे."

पांडुरंगराव हसले आणि त्यांनी पान तोंडात घातलं. खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मुकुंदरावांचा तर इतका, की त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला.

"मी तेव्हाच ह्याला म्हणत होतो, जोडून घे, जोडून घे म्हणून," ते मांडीवर थाप मारून व्याह्यांना म्हणाले. "पण ऐकतंय कोण? आजकालच्या पोरांना सगळं आयतं पाहिजे!"

सगळे हसले. वरदही हसला, कारण तो हसला नसता तर कोणीतरी का म्हणून विचारलं असतं.