गुरुपादप्पांची सरळ रेघ

“ग्यानोबा, ही भिंत पोट काढून उभी हाय.”

“अप्पा, ओळंबा लावून बांधलेली भिंत हाय ती. पोट तुमचं सुटलंय.”

०

देवणीच्या मठात पाया पडून उठताना गुरुपादप्पा हळूच म्हणाले, “स्वामीजी, कपाळावरच्या विभूतीची मधली रेघ जरा कललीय.” स्वामींनी आतून आरसा मागवला. बराच वेळ पाहिलं. मग प्रसाद दिला.

०

बसस्थानकासमोरचा विजेचा खांब गुडघ्यात वाकला आहे, असा अर्ज वीज कार्यालयात आला. वायरमन येऊन खांबाकडे पाहून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि अर्जदाराकडे पाहून गेला.

०

“रांगोळीतली तिसरी ओळ घसरली की वं.”

“घसरू द्या,” गुरुपादप्पांच्या पत्नी रत्नम्मा म्हणाल्या. “सरळ चालणारं या घरात कोण हाय?”

०

तेलाच्या दुकानाच्या शिवशंकरनं पत्रिकांचा गठ्ठा काउंटरवर आपटला.

“अप्पा, ही चौकट अशी कामून? नवव्या महिन्यात असल्यावानी? पोराचं लगीन अजून व्हायचं हाय! लोक काय म्हनतील?”

०

गुरुपादप्पा बत्तीस वर्षं लग्नपत्रिका करत होते. त्यातली वीस एकाच मॉनिटरसमोर गेली होती. जुन्या टीव्हीसारखा तो मॉनिटर. पुढं फुगीर काच, मागं भलंमोठं टेकाड. टेकाडावर मांजर निजायचं. ते ऊब सोडायला तयार नव्हतं आणि गुरुपादप्पा मॉनिटर सोडायला.

बाकीचे पत्रिकावाले तयार चौकटी उचलून चिकटवत. गुरुपादप्पा चौकट स्वतः ओढत, रेघेला रेघ लावून, कोपऱ्यात आंब्याची पानं काढून. “अक्षरं कुनीबी लावतंय,” ते म्हणत. “चौकटीला मानूस लागतो.”

शिवशंकरला त्यांनी त्या दिवशी सुनावलं, “चौकट सरळ हाय. तुझी नजर वाकडी हाय.” पण त्याच आठवड्यात जळकोटच्या एका गिऱ्हाइकानं तेच सांगितलं. वलांडीच्या एकानं तर उलट हौसेनं मागितलं, “मला बी तसली लाटावाली डिझाईन पायजे.” हे जास्त लागलं.

मग त्यांनी एक सिद्धांत मांडला. काचेला पोट आहे. त्यामुळे सरळ रेघ पडद्यावर वाकडी दिसते. वाकडी रेघ डोळ्यांसमोर ठेवून आपल्याला पाणी गोड लागत नाही, म्हणून आपण ती माऊसनं ओढून सरळ करतो. म्हणजे मुळात सरळ असलेली रेघ वाकडी होते आणि तशीच छापली जाते. दोष काचेचा. उपाय एकच, सपाट मॉनिटर.

सिद्धांताला घाई होती. त्यांच्या मुलीचं, अंबिकाचं लग्न ठरलं होतं. अंबिका उदगीरला शाळेत शिकवत होती. तिनं एकदा बोलता बोलता म्हटलं, “अप्पा, आपली पत्रिका उदगीरला छापू या का? तुमाला दगदग नको.”

गुरुपादप्पांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

“बत्तीस वर्षं लोकांच्या पोरींच्या चौकटी ओढल्या. माझ्या पोरीची उदगीरचा मानूस ओढनार?”

रत्नम्मा म्हणाल्या, “त्यांना लातूरला घेऊन जा गं. नवा डब्बा घेऊन द्या म्हणजे गप बसतेल.”

०

लातूरच्या दुकानात भिंतीवर बारा मॉनिटर होते आणि बाराही पडद्यांवर एकच धबधबा पडत होता. दुकानातला सुदर्शन पुढं आला.

“या काका. गेमिंगला पाहिजे का ऑफिसला?”

“लग्नाला.”

सुदर्शननं अंबिकाकडे पाहिलं. अंबिका म्हणाली, “अप्पा पत्रिका करतात.”

“असं होय! मग कलर बघा काका. काळा बघा कसा काळाकुट्ट हाय.”

“धबधबा काढ आधी. सगळ्यांवर एक-एक चौकट ओढ. साधी, चार रेघांची.”

सुदर्शननं बारा चौकटी ओढल्या. गुरुपादप्पा रांगेनं निघाले, मुलगी पाहायला गेल्यासारखे. पहिल्यापाशी थांबले, मान हलवली. “डावी रेघ खचली.” दुसरा: “हिला मधी गचका बसलाय.” तिसरा महागाचा होता. “महाग हाय, पन वाकडा हाय.” चौथा, पाचवा आणि सहावा त्यांनी एकत्र नापास केले. सातव्यापाशी म्हणाले, “वाटेत पडला असंल.”

“काका, सील फोडून काल लावलाय!”

“मग कंपनीत पडला असंल.”

अकराव्यापाशी ते थबकले. मागं सरले, पुढं झाले. चेहरा उजळला.

“हा! हा त्यातल्या त्यात सरळ हाय.”

सुदर्शन घसा खाकरून म्हणाला, “काका, तो वाकडाच असतो. मुद्दाम केलेला. कमानीसारखा. गेमवाली पोरं घेतात.”

अंबिका हसली नाही. एवढा वेळ ती तोंडाला रुमाल लावून हसू दाबत होती. आता तिनं रुमाल पर्समध्ये ठेवला.

“पट्टी हाय का तुमच्याकडं?” तिनं विचारलं.

सुदर्शननं दुरुस्तीच्या टेबलावरून स्टीलची पट्टी आणली आणि पहिल्या मॉनिटरच्या डाव्या रेघेला चिकटवून धरली. “बगा काका. केसाइतकी फट न्हाई.”

गुरुपादप्पांनी पाहिलं.

“पट्टी वाकडी हाय.”

दुसरी पट्टी आली. “ही बी तसलीच.” सुदर्शननं बिलबुकाची कड लावली. मग खोक्याची कड लावली. मग काहीच सुचेना म्हणून दोरा ताणून धरला.

“तुमच्या दुकानात एक बी वस्तू सरळ न्हाई,” गुरुपादप्पा म्हणाले, पण आवाजातला दम गेला होता. ताणलेला दोरा वाकत नसतो, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी चष्मा काढला. खांद्यावरच्या पंच्यानं उजवा डोळा पुसायला घेतला, आणि त्या एका क्षणात दोरा सरळ झाला. पट्टी सरळ झाली. दुकानातले अकरा मॉनिटर सरळ झाले आणि कमानीचा तेवढा वाकला. त्यांनी पंचा खाली घेतला. सगळं पुन्हा होतं तसं झालं. पंचा वर. पंचा खाली.

“काका, पानी आनू का?” सुदर्शननं दोरा सोडत विचारलं.

“नको.” मग अंबिकाला: “तुला कोंचा सरळ दिसतो?”

“सगळेच, अप्पा.”

“त्यातला एक बांधून घे.”

०

डोळ्यांचे डॉक्टर मागच्याच गल्लीत होते. त्यांनी चौकोनांचा छापील कागद हातात दिला आणि डावा डोळा झाकायला सांगितलं.

“काय दिसतंय?”

गुरुपादप्पांनी कागद जवळ धरला, लांब धरला, उलटा करून पाहिला.

“कुनी छापला हो हा?”

डॉक्टर हसले. मग त्यांनी नीट सांगितलं. उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आहे. इंजेक्शनं घ्यावी लागतील. दिसणं आणखी बिघडू नये म्हणून. पूर्ण पहिल्यासारखं होईल, असा शब्द देता येणार नाही.

०

देवणीच्या बसमध्ये खोकं वरच्या फळीवर मावेना. गुरुपादप्पांनी ते मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, “मालक, टीव्ही काय?” ते म्हणाले, “न्हाई, पडदा.” कंडक्टर पुढं गेला.

उदगीर मागं पडल्यावर अंबिका म्हणाली, “अप्पा, डावा डोळा चांगला हाय ना. उजवा झाकून ओढा की चौकट.”

“ओढीन. पन रेघ सरळ दिसली तरी ती सरळ हाय का न्हाई, हे मला आता कोन सांगनार?”

“मी सांगते.”

“तू सांगनार, तवा मी हलवनार. मग ती चौकट तुझी झाली.” खोक्याच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत. “सोताच्या लग्नाची चौकट पोरीनं ओढायची व्हय?”

“मग उदगीरला...”

त्यांनी फक्त तिच्याकडे पाहिलं.

“बरं, न्हाई म्हनले,” अंबिका म्हणाली.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “शिवशंकरच्या पोराचं लगीन झालं का गं?”

“झालं की, मागल्या महिन्यात.”

“पत्रिका वाटल्या का त्यानं?”

“वाटल्या. दुसऱ्या छापायला वेळ कुठं होता?”

“कुनी काही म्हनलं?”

“पोरीकडचे लोक म्हनले, लई येगळी हाय.”

गुरुपादप्पा हसायला लागले. खोकं मांडीवर हलायला लागलं, तेव्हा अंबिकानं ते एका बाजूनं धरलं. हसता हसता त्यांनी पंचा तोंडावर घेतला आणि बराच वेळ तो काढला नाही.

०

वैशाखात अंबिकाचं लग्न झालं. तिच्या पत्रिकेला चौकट नव्हती.