सूर्यास्ताआधीची गोळी

मदनलालजींचं सरकी-पेंडीचं दुकान जालन्याच्या मोंढा बाजारात, आणि त्यांचं गुपितही तिथंच, गल्ल्यामागच्या खणात. सकाळी दुकान उघडलं की पोत्यांच्या आडोशाला जाऊन ते एचआयव्हीची गोळी घेत. घरात हे ठाऊक होतं फक्त त्यांच्या बायकोला, चंदनबाईंना. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. वर्षानुवर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं.

मग डॉक्टर आकांक्षांनी आणखी एक गोळी लिहून दिली, रात्री जेवणानंतर घ्यायची. जुनी गोळी हरली, असंच मदनलालजी धरून चालले. बाजारात दहादा भाव विचारणारा माणूस इथं मात्र चिठ्ठी खिशात घालून निघून आला! त्यात चौविहाराचा नेम. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही वर्ज्य. म्हणजे गोळी घ्यायची तर उजेड असताना, सगळं घर जेवायला बसलेलं असताना, सुनेच्या डोळ्यांदेखत. तिनं विचारलं तर? त्यांनी गोळ्यांचं पाकीट खणात ढकलून दिलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलंच, "काका, नवी गोळी चालू हाय ना?"

"न्हाई," मदनलालजी पुटपुटले. "मॅडम, खरं सांगा. जुनी फेल गेली ना?"

"बिलकुल न्हाई! विषाणू बराबर दबलेला हाय. पण या आजारात हृदयाला धोका जरा जास्त राहतो. म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी आधीच चालू करून राह्यले. रात्रीच असं न्हाई, कधीबी घ्या, पण रोज घ्या. अहो, अर्धा मोंढा हीच गोळी खाऊन राह्यला!"

मदनलालजींचा जीव भांड्यात पडला. आता ती दुकानातही घेता आली असती. पण त्यांनी खणातलं पाकीट काढून खिशात घातलं आणि थेट घरी नेलं; ही एक गोळी तरी लपवायची नव्हती.

संध्याकाळी जेवायला बसताना त्यांनी ते ताटाशेजारी ठेवलं. सुनेनं, कनिकानं, ते उचलून पाहिलं. चंदनबाईंची पोळी तव्यावर करपली.

"ही तर माझ्या पप्पांची गोळी! कोलेस्टेरॉल ना, बाऊजी?"

"हो."

"मंग तेल कमी करते," म्हणून ती वाढायला लागली. एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून ते उठायला लागले, तर कनिका पेला घेऊन समोर उभी. "बाऊजी, जल्दी करा, सूर्य चालला. गोळी ऱ्हायली तुमची."

मदनलालजींचे डोळे भरून आले. गोळी त्यांनी पटकन गिळली, पण पाणी मात्र सगळ्यांसमोर, अगदी सावकाश प्यायले.